‘आंद्रेई रुब्लेव्ह’ची खरी प्रत कोणती?

देवगिरीचा दर्शक
गेल्या रविवारी छत्रपती संभाजीनगरात आम्ही दहा-पंधरा जणांनी मिळून सोव्हिएत दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ हा मध्ययुगीन रशियन चित्रकारावरचा सिनेमा पाहिला. प्रत होती ३ तास ६ मिनिटांची. माझ्या घरच्या डिस्कवर हाच सिनेमा २०५ मिनिटांचा आहे, म्हणजे जवळपास वीस मिनिटं गायब. सिनेमा १९६६ साली तयार झाला, पण सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तो दाबून ठेवला. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवला, तिथे समीक्षकांचा पुरस्कारही मिळाला, तरी मायदेशात पडद्यावर यायला १९७१ उजाडलं. एवढं सोसलेल्या सिनेमाची छोटी प्रत आपण लावायची म्हणजे सेन्सॉरचं उरलेलं काम आपणच पुरं करायचं. लांब प्रत मिळत असताना दुसरी लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लातूरचे मास्तर
साफ असहमत. छोटी प्रत खुद्द तारकोव्हस्कीनं कापलेली आहे. दुसऱ्या कुणी हात लावला नाही आणि शेवटची प्रतच सगळ्यात जमली आहे, असं तो स्वतः सांगायचा. कवीनं दोन कडवी गाळून कविता छापली, तर आपण कच्च्या वहीतून ती शोधून काढून ‘हीच खरी’ म्हणायचं का? लांब ते अस्सल, हे खूळ डिस्क विकणाऱ्यांनी पसरवलं आहे. वेष्टनावर ‘अखंड’ लिहिलं की आपण लगेच पैसे मोजतो. मीही मोजलेत, ते सोडा.

देवगिरीचा दर्शक
सर, कात्री त्याच्या हातात होती हे मान्य. पण मनगट कुणी धरलं होतं? पाच वर्षं सिनेमा अडकून पडलेला माणूस ‘मीच कापलं, छान झालं’ म्हणतो, तेव्हा त्यात समाधान किती आणि सुटका किती, हे तुम्ही कसं ठरवणार?

लातूरचे मास्तर
तुम्ही तरी कसं ठरवणार? त्याच्या मनातलं त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं धरलं, तर मग कुठल्याच दिग्दर्शकाचं काही ऐकायला नको.

नांदेडचा कॅसेटवाला
भांडणात पडायच्या आधी मिनिटांचा हिशेब नीट करा. नव्वदच्या दशकात माझं कॅसेट भाड्यानं देण्याचं दुकान होतं, म्हणून बोलतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे फ्रेमनी, चालतो. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या टीव्हीच्या जुन्या ‘पाल’ पद्धतीत २५ चौकटी लागतात, म्हणून कॅसेट किंवा डीव्हीडी करताना सिनेमा किंचित पळवतात. २०५ मिनिटांचा सिनेमा तिथं १९७ मिनिटांत संपतो आणि त्यातला एक शॉटसुद्धा कापलेला नसतो. आवाज मात्र जरासा बारीक होतो. कव्हरवरची मिनिटं वाचून ‘सेन्सॉरनं खाल्लं’ म्हणत भांडायला येणारी गिऱ्हाइकं मी लई पाहिलीत.

दुसरं, ‘शोले’ घ्या. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीत सेन्सॉरनं तो बदलायला लावला आणि ऐनवेळी पोलीस येऊन पोहोचले. पुढं मूळ शेवटाच्या प्रती व्हिडिओवर फिरल्या आणि २०२५ ला तो शेवट पुन्हा थिएटरात आला. तिथं लांब प्रतीची बाजू घ्यायला मला अडचण नाही, कारण बदल दिग्दर्शकाला नको होता. ‘रुब्लेव्ह’चं तसं नाही. दोन्हीला एकच नियम लावू नका.

परभणीकर
मला वेगळंच बोलायचंय. त्या रविवारी मी तिथं होतो. तातारांचा हल्ला चालू असताना घोडा जिन्यावरून कोसळतो, तवा माझ्या शेजारचे काका उठून बाहेर गेले. शेतकरी माणूस, पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणारा. मी त्यांना म्हणलं, “सिनेमाच आहे, काका.” नंतर वाचलं तर तो घोडा खरंच मारलेला, खाटीकखान्यातून आणलेला. काकांना खोटं सांगितलं मी. आता सांगा, लांब प्रतीत असला मारधाडीचा भाग आणखी असंल, तर तो कापला म्हणून कामून रडायचं?

देवगिरीचा दर्शक
रडायचं कारण असं की ते आज झाकलं तरी घोडा परत येत नाही. झाकलं की उलट दिग्दर्शक स्वच्छ दिसतो. आज आपल्याकडे शूटिंगला जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, हा नियम २००१ चा. तो योग्यच आहे. पण तो घडण्याआधीच्या गोष्टीला लागतो, घडून गेलेल्या गोष्टीच्या नोंदीला नाही.

परभणीकर
नोंद तुमच्यासाठी असंल. काकांना कुणी विचारलं का, बघायचं का नाही? आत जायच्या आधी दोन वाक्यं सांगायला काय जातंय?

लातूरचे मास्तर
परभणीकरांशी शंभर टक्के सहमत. प्रत कुठली, किती मिनिटांची, कुणी कापली, आत काय आहे, हे आधी सांगा आणि मग हवी ती लावा. मीही येतो, पण २०५ मिनिटं असतील तर मध्यंतर ठेवा. साठी उलटली माझी.

देवगिरीचा दर्शक
आधी सांगण्याचं मान्य, ती चूक माझीच. मध्यंतरही ठेवू. पण लांब प्रतच लावणार.

नांदेडचा कॅसेटवाला
लावा. फक्त तुमची डिस्क कुठल्या रीजनची, म्हणजे जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे, ते आधी बघा. नायतर प्लेअर उघडणारच नाय आणि तुम्ही परत सेन्सॉरला शिव्या घालणार.