डॉकिंगसाठीचा कॅमेरा-सेन्सर : १० मीटरवर टार्गेटचा कल उलट चिन्हाने येतो, मदत हवी आहे

नमस्कार,

अंतराळयानांच्या डॉकिंगसाठीच्या (दोन याने अंतराळात एकमेकांना जोडण्यासाठीच्या) एका ऑप्टिकल सेन्सरचा नमुना आम्ही तिघे प्रयोगशाळेत तपासत असून एका ठिकाणी अडलो आहोत. मूळ कल्पना आमची नाही. ८०० आणि ८५० नॅनोमीटरच्या लेझर डायोडांनी टार्गेट (समोरच्या यानावरची खुणेची पाटी) आळीपाळीने उजळायचे, त्यावरच्या रेट्रोरिफ्लेक्टरांवर (प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवणाऱ्या परावर्तकांवर) फक्त ८५० ला वाट देणारा फिल्टर बसवायचा आणि एका प्रतिमेतून दुसरी वजा करायची, म्हणजे यानाच्या चकचकीत आवरणावरची चमक निघून जाते व फक्त रिफ्लेक्टरांचे ठिपके उरतात. १९९७ साली स्पेस शटलच्या एसटीएस-८७ मोहिमेत तपासलेला व्हिडिओ गायडन्स सेन्सर याच तत्त्वावर चालत असे. हा भाग आमच्याकडेही नीट चालतो. सूर्याच्या जागी लावलेला प्रखर दिवा थेट भिंगात शिरला की घोटाळा होतो, पण तो विषय निराळा.

खरी अडचण कलाची आहे. चारही रिफ्लेक्टर एकाच सपाट पाटीवर, ३० सेंटिमीटर बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर आहेत. पाटी २ अंशांनी तिरकी केली असता २ मीटरवरून उत्तर बरोबर येते, मात्र १० मीटरवरून ते कधी +२, कधी −२, तर कधी शून्याच्या आसपास येते. आधी सगळा दोष आम्ही प्रोग्रामला दिला. मग कागदावर हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की २ अंशांच्या कलाने चौरसाची रुंदी जेमतेम ०.०६ टक्के घटते आणि कल कोणत्याही बाजूला असला तरी ती तेवढीच घटते. दिशा कळते ती जवळची कड दूरच्या कडेपेक्षा किंचित मोठी दिसते म्हणून, आणि १० मीटरवर हा फरक अवघा ०.३ मिलिमीटर, म्हणजे आमच्या कॅमेऱ्यात पिक्सेलचा जेमतेम दहावा भाग भरतो. ठिपक्याचा मध्य ठरवताना होणारी आमची चूकही तेवढीच आहे!

पाचवा रिफ्लेक्टर मध्यभागी १० सेंटिमीटर उंच खुंटीवर बसवला, तर त्याच कलाला तो साडेतीन मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक पिक्सेल सरकेल आणि दिशाही सांगेल, असे वाटते. पण खुंटी तापमानाने वाकली तर ती चूक थेट कलातच उतरेल. ज्यांनी असे टार्गेट बनवले आहे, त्यांनी खुंटीची उंची कशी ठरवली आणि ती कशाची केली? शिवाय पाटी ज्यावर बसवून तिरकी करतो त्या फिरत्या मेजावरचा शून्य कोन कॅमेऱ्याच्या अक्षाशी जुळवायला थिओडोलाइट (कोन मोजणारी दुर्बीण) पुरेसा ठरतो, की ऑटोकॉलिमेटरच (आरशावरून परतलेल्या प्रकाशावरून अगदी लहान कोन मोजणारे उपकरण) लागतो?