प्लायच्या टाकीत सिलिकॉन शेवटी
प्लायवूडची माशांची टाकी करताना मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) असेल तर आतून इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायच्या, कडक होणाऱ्या रेझिनचे) दोन हात पुरे, असं काही जण म्हणतात. सपाट भागाला पुरतील, कोपऱ्यांना नाही. दोन फूट पाण्याचा तळाशी चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भार येतो; फळ्या किंचित फाकतात आणि नुसता थर नेमका सांध्यावर तडकतो. तिथे फायबरग्लासची पट्टी ओल्या इपॉक्सीत बसवाच, मग वरून हात द्या.

कामाच्या क्रमाबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही. सिलिकॉन (फटी बुजवणारं रबरासारखं सीलंट) अगदी शेवटी, टाकीची काच बसवताना. वाळलेल्या सिलिकॉनवर इपॉक्सी धरत नाही. लाकडावर त्याचा अंश राहिला तरी तिथला थर सुटतो. आणि कृपा करून बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका, त्यातलं रसायन माशांच्या जिवावर बेतू शकतं.