स्लॅश भरा आणि मोकळे व्हा?

तालवेडा: बँडचं नोटेशन लिहिण्याबद्दल काल इथे कुणीतरी सल्ला दिलाय, "गिटारच्या स्टाफवर कॉर्ड टाका, बारमध्ये स्लॅश भरा, पुढचं वाजवणारा बघून घेईल." डोकंच फिरलं. नवख्यांसाठी: स्टाफ म्हणजे नोट्स लिहायच्या पाच रेघा, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, बार म्हणजे ठरावीक बीट्सचा खण, स्लॅश म्हणजे त्यात नोटऐवजी काढलेली तिरकी रेघ आणि दांडी म्हणजे नोटची उभी रेघ. बिनदांडीचे स्लॅश म्हणजे स्टाइल धरून तुझं तू वाजव. दांडीचे स्लॅश म्हणजे स्वरांची मांडणी तुझी, ठोके मात्र माझेच. चौथ्या बीटच्या ऑफला, म्हणजे बीटच्या मधोमध, ब्रासबरोबर (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनबरोबर) ठोका हवाय आणि गिटारच्या पानावर चार मुके स्लॅश. तो ठोका काय आभाळातून पडणार? म्यूजस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरच्या टूल्स मेनूत दोन वेगळ्या कमांड आहेत. एक नुसते स्लॅश भरते, दुसरी लिहिलेल्या नोट्सना तालाचे स्लॅश करते. दुसरी कधी उघडूनही बघत नाहीत लोक.

पाचवी_तार: गिटारवाला बोलतोय. आम्हाला छळतात ते दांडीवाले. पानभर सिंकोपेशन, म्हणजे बीटच्या आडचे ठोके, डोळे फाडून वाचायचं, आणि रिहर्सलला ही पानं लिहिणारा अरेंजरच म्हणणार, "ते सोड रे, ड्रम ऐकून वाजव." मग लिहिलं कशाला?

तालवेडा: पानभर दांड्या लावा असं मी कुठे म्हटलं? सगळे एकत्र मारतात तिथेच लावा.

जुनी_वही: दांड्यांचं राहू द्या, प्लेबॅकचं, म्हणजे सॉफ्टवेअर वाजवून दाखवतं त्याचं, बोला. म्यूजस्कोरमध्ये स्लॅश केले की त्या नोट्स मुक्या. डेमो पाठवायचा तर मी खऱ्या नोट्सचा आणखी एक स्टाफ लिहितो आणि तो लपवतो. दुप्पट काम! फिनाले या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तालाची स्टाफ स्टाइल लावली की दिसायचे स्लॅश, वाजायच्या खालच्या नोट्स. आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये फिनालेच गुंडाळलं.

पाचवी_तार: फिनालेचं सुतक अजून फिटलं नाही वाटतं.

जुनी_वही: तुम्हाला आयती पीडीएफ मिळते, तुम्ही हसणारच. वर्षानुवर्षांच्या फायली म्यूझिकएक्सएमएलमधून (सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारातून) दुसरीकडे नेऊन बघा एकदा. नोट्स येतात, पानाची मांडणी पार विस्कटते. मग बसा एकेक कॉर्ड सरकवत.

कोमल_नी: भांडा निवांत. सिबेलियस हे तिसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: नोटहेड (नोटच्या डोक्याचा प्रकार) 3 बिनदांडीचं, 4 दांडीसह. नोट मात्र आधी मधल्या रेषेवर घ्या, नाहीतर स्लॅश स्टाफभर उड्या मारतात.

तालवेडा: म्यूजस्कोरमध्ये ड्रमच्या पानावर मी दोन्ही कमांड वापरतो. आधी साधे स्लॅश भरायचे. मग ब्रासचे ठोके व्हॉइस 3 मध्ये (त्याच स्टाफवरच्या तिसऱ्या थरात) लिहून तालाच्या स्लॅशची कमांड द्यायची. ते बारीक होऊन स्टाफच्या वर बसतात. ड्रमरला ठोका कुठे येतोय ते दिसतं, बाकी हात मोकळे.

पाचवी_तार: हं. एवढं एक कामाचं बोललात. आमच्या अरेंजरला पाठवतो, वाचेल असं नाही. पण कॉर्ड बदलतो त्याच बीटवर त्याचं नाव टाका. तीन कॉर्ड बारच्या तोंडाशी कोंबले तर तुमच्या दांड्या गेल्या उडत.

जुनी_वही: आणि प्लेबॅक?

पाचवी_तार: आम्ही वाजवतो ना, काका. रिहर्सलला बोलवा.

जुनी_वही: काका कुणाला म्हणता?