‘रक्त हे बी’ हे वाक्य भाषणात घ्यावं का? पहिल्या तीनशे वर्षांतला छळ आणि मंडळीची वाढ

दुधनाकाठ (जालना)

नमस्कार. युवकांच्या शिबिरात ‘आद्य मंडळीची वाढ आणि छळ’ (म्हणजे रोमन साम्राज्यातलं सुरुवातीचं ख्रिस्ती चर्च) या विषयावर ४० मिनिटं बोलायचं आहे. ऐकणारे निम्मे मंडळीतले, निम्मे बी. ए. इतिहासाचे विद्यार्थी. ‘हुतात्म्यांचं रक्त हे मंडळीचं बी’ या वाक्याने सुरुवात करायचा विचार आहे. पण इतिहासवाले विचारणार की तीनशे वर्षं सलग छळ झाला, तर माणसं वाढली कशी?

मला नेमकं हे हवंय: छळ कधी झाला आणि कधी नव्हता? अधिकारी प्रत्यक्षात काय करायचे? कुणाला पकडायचं हे कसं ठरायचं? वाढीचे आकडे कुठून येतात? आणि आपल्या भागाशी जोडणारं खरं काही असेल तर तेही सांगा, ओढूनताणून नको.

तेरणाकाठ (धाराशिव)

ताई, आधी ते वाक्य दुरुस्त करून घ्या. ते तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाचं आहे, इ. स. १९७, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज. मूळ लॅटिनमध्ये ‘हुतात्मा’ हा शब्द नाही आणि ‘मंडळी’ही नाही. तो रोमन सुभेदारांना उद्देशून लिहितो: तुम्ही जितक्यांदा आमची कापणी करता तितके आम्ही वाढतो, ख्रिस्ती लोकांचं रक्त हे बी आहे. वकिली वळणाचा माणूस समोरच्याला सांगतोय की तुमच्या छळाचा उपयोग नाही. त्याने जनगणना केलेली नव्हती.

आता छळ. तीनशे वर्षं सलग छळ झाला हे चूक आहे. जुलै ६४ मध्ये रोमला आग लागली आणि सम्राट नीरोने दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला. रोमन इतिहासकार टॅसिटसने ते सुमारे पन्नास वर्षांनी लिहून ठेवलं. पण तो प्रकार रोम शहरापुरता होता. पुढे २४९ पर्यंत संपूर्ण साम्राज्याला लागू होईल असा ख्रिस्तीविरोधी हुकूम एकही निघालेला दिसत नाही. जे व्हायचं ते एखाद्या शहरात, एखाद्या सुभेदाराच्या कारकिर्दीत: १५५ च्या सुमारास स्मुर्णात (आजचं तुर्कस्तान) बिशप पॉलिकार्प, १७७ ला लियॉं (आजचं फ्रान्स), १८० आणि २०३ ला कार्थेज. मधल्या काळात लोक शेती, व्यापार, लग्नकार्य सगळं करत होते.

कामाची पद्धत समजण्यासाठी एकच कागद पुरेसा आहे: धाकट्या प्लिनीचं सम्राट ट्राजनला लिहिलेलं पत्र, साधारण ११२. प्लिनी काळ्या समुद्राच्या काठच्या बिथुनिया-पंत प्रांताचा सुभेदार होता. आरोपी समोर आला की तो विचारायचा, “तू ख्रिस्ती आहेस का?” ‘हो’ म्हटलं की शिक्षेची धमकी देऊन दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा विचारायचं. तिन्ही वेळा ‘हो’ आलं तर मृत्युदंड. रोमचा नागरिक असेल तर रोमला रवानगी. ‘नाही’ म्हणणाऱ्याने प्लिनीच्या पाठोपाठ देवांचा धावा म्हणायचा, सम्राटाच्या पुतळ्यापुढे ऊद जाळून द्राक्षारस ओतायचा आणि ख्रिस्ताला शाप द्यायचा. एवढं केलं की सुटका. काहींनी सांगितलं की आम्ही वीस वर्षांपूर्वीच सोडलंय. मंडळीत काय चालतं हे जाणून घ्यायला त्याने दोन दासींना यातना दिल्या. मंडळीत त्यांना ‘सेविका’ म्हणत.

ट्राजनचं उत्तर छोटं आहे. यांना शोधत फिरू नका. कुणी समोर आणलं आणि सिद्ध झालं तर शिक्षा करा. ‘मी ख्रिस्ती नाही’ म्हणून देवांना भजून दाखवलं तर माफी द्या. निनावी यादी अजिबात स्वीकारू नका.

सरकारी फिर्यादी असा प्रकार रोमन कायद्यात नव्हता. कुणीतरी स्वतःच्या नावाने फिर्याद द्यायची, आणि ती खोटी निघाली तर त्यालाच शिक्षा. त्यामुळे मंडळीचं भवितव्य शेजाऱ्यांच्या मर्जीवर असायचं. दुष्काळ, रोगराई, भूकंप झाला की देव कोपले म्हणून बोट यांच्याकडे. एरवी सुभेदाराला हे झंझट नकोच असायचं. १८० मध्ये कार्थेजला सातुर्निनुस या सुभेदाराने स्किली गावच्या ख्रिस्ती लोकांना विचार करायला ३० दिवस देऊ केले. त्यांनी ते नाकारले आणि १७ जुलैला बाराही जण तलवारीने मारले गेले. पेटीत काय आहे असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं, “पुस्तकं, आणि पौल नावाच्या नीतिमान माणसाची पत्रं.”

बालाघाट (बीड)

वरचं सगळं बरोबर. पण २४९ नंतरचा भाग वेगळा करून सांगा, नाहीतर ऐकणारे दोन्ही काळ एकत्र करतात.

सम्राट डिसियसने हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. हुकुमाचा मजकूर उरलेला नाही, पण दाखले उरलेत. इजिप्तच्या कोरड्या मातीत पपायरसवरचे ४० च्या वर सापडले, बहुतेक १२ जून ते १४ जुलै २५० या महिनाभरातले. तहसीलच्या अर्जासारखाच साचा आहे. वर ‘अमुक गावच्या बळी-समितीस’. मग अर्जदाराचं नाव, बापाचं नाव, गाव, वय, अंगावरची खूण. एका अर्जावर सताबुसचा मुलगा ऑरेलियस डायोजेनस, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण, असं आहे. मजकूर: मी नेहमीच देवांना बळी देत आलोय, आताही तुमच्यासमोर हुकमाप्रमाणे बळी दिला, पेय ओतलं, प्रसाद चाखला, तरी खाली तसं नमूद करावं. शेवटी साक्ष आणि तारीख, २६ जून २५०. छापील प्रत दाखवता आली तर दाखवा. पोरांना डोमिसाईलचा अर्ज आठवेल आणि विषय लगेच डोक्यात शिरेल.

एक दाखला मगरदेव पेटेसुखोसच्या पुजारणीचा आहे. म्हणजे अर्ज सगळ्यांनाच करावा लागला. हुकूम ख्रिस्ती लोकांचं नाव घेऊन निघाला की सरसकट होता यावर अभ्यासक वाद घालायलेत, पण अडकले ते ख्रिस्तीच.

आणि मंडळी या घावाने जवळजवळ मोडली, हे सांगायला लाजू नका. कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो की लोक आपणहून चौकात धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी ‘उद्या या’ म्हणायचे, तर हे ‘आजच करून घ्या’ म्हणून गयावया करायचे. काहींनी प्रत्यक्ष बळी दिला, काहींनी नुसता ऊद टाकला, काहींनी पैसे चारून दाखला मिळवला. छळ थांबल्यावर या पडलेल्यांना परत घ्यायचं की नाही यावर भांडण पेटलं. २५१ ला कार्थेजच्या सभेने ठरवलं की दाखला विकत घेतलेल्यांना चौकशी करून घ्यावं, बळी दिलेल्यांनी मरेपर्यंत प्रायश्चित्त करावं. रोममध्ये नोवाशियन नावाच्या पाळकाने तेही मानलं नाही आणि वेगळी चूल मांडली.

पुढे व्हॅलेरियनने २५७-५८ मध्ये थेट पाळकवर्गावर हात टाकला. सिप्रियनचा शिरच्छेद १४ सप्टेंबर २५८ चा. २६० ला व्हॅलेरियन इराण्यांच्या हाती सापडला, त्याचा मुलगा गॅलिएनसने छळ थांबवून मंडळ्यांच्या जागा परत केल्या. तिथून ३०३ पर्यंत ४३ वर्षं जवळपास शांतता.

मांजरा_खोरं (लातूर)

आकड्यांबद्दल सांगतो.

बहुतेकजण जो आकडा देतात तो अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्कचा. इ. स. ४० ला १,००० माणसं धरा आणि दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढवा. दर दशकाला १.४ ने गुणायचं, बस. १०० ला ७,५००, १५० ला ४०,५००, २०० ला २.१८ लाख, २५० ला ११.७ लाख, ३०० ला ६३ लाख. साम्राज्याची लोकसंख्या ६ कोटी धरली तर दहा टक्के. वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आत. ही बचतगटाच्या व्याजाची चक्रवाढ आहे, चमत्काराची गरज पडत नाही. शंभर वर्षं काही दिसत नाही आणि मग एकदम डोळ्यांत भरतं.

चूक कुठे होते, तर लोक हे आकडे पुरावा म्हणून मांडतात. दहा टक्के हा शेवट आधी गृहीत धरून दर बसवलेला आहे. त्यामुळे ‘दर सतत सारखा होता’ असं यावरून सिद्ध करता येत नाही. फळ्यावर ‘हिशेबाचा नमुना’ असं लिहूनच मांडा.

प्रत्यक्ष नोंद हवी तर २५१ चं रोमच्या बिशप कॉर्नेलियसचं पत्र आहे, मंडळीचा इतिहासकार युसेबियसने जपलेलं. ४६ वडील (म्हणजे पाळक), ७ डीकन (मदतनीस सेवक), ७ उपडीकन, ४२ सहायक, भुतं काढणारे-वाचक-द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या विधवा व गरजू १,५०० च्या वर. शेवटचा आकडा नीट बघा. डिसियसच्या तडाख्यानंतर वर्षभरात एका शहरातली मंडळी दीड हजार लोकांना रोज जेवू घालतेय. वाढीचं इंजिन मला तिथे दिसतं. त्याच सुमारास साथ पसरली होती. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की आपले लोक आजाऱ्यांची सेवा करता करता मेले. दोन वेळचं पाणी आणि पेज मिळाली तरी साथीत माणूस वाचतो, आणि वाचलेला माणूस कुणी पाणी दिलं ते विसरत नाही. विरोधकाचीच साक्ष हवी असेल तर ३६२ मधली सम्राट ज्युलियनची तक्रार: हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) आपले गरीब तर पोसतातच, आमचेही पोसतात.

दुसरं इंजिन घर. फिलिप्पैची लुदिया, तिथलाच तुरुंगाधिकारी, दोघांचा बाप्तिस्मा घरादारासकट झाला, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. जागाही घरचीच. सीरियात दुरा-युरोपसला उत्खननात सापडलेलं घर बघा: दोन खोल्यांमधली भिंत काढून साधारण १३ बाय ५ मीटरची एक खोली, शेजारी बाप्तिस्म्याचं कुंड. ६०-७० माणसं बसतील, जास्त नाही. मंडळी वाढली की दुसरं घर. २५६ च्या वेढ्यात तटबंदी पक्की करायला ते घर मातीने भरलं, म्हणून भिंतींवरची चित्रं टिकली.

तेरणाकाठ (धाराशिव)

३०३ राहिलंच. २३ फेब्रुवारीला निकोमेडियात (आजचं तुर्कस्तान) राजवाड्यासमोरचं प्रार्थनागृह पाडलं, दुसऱ्या दिवशी सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम लागला. प्रार्थनागृहं पाडा, पुस्तकं जाळा, ख्रिस्ती माणसाला कोर्टात दावा करता येणार नाही. पुढच्या हुकमांनी पाळकवर्गाला तुरुंग आणि ३०४ ला सगळ्यांना बळीची सक्ती. पण अंमल सगळीकडे सारखा नव्हता. गॉल (आजचं फ्रान्स)-ब्रिटनमध्ये तिथला सहसम्राट कॉन्स्टँशियसने इमारती पाडण्यापलीकडे फारसं केलं नाही.

जप्तीचा पंचनामा म्हणाल तर उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता शहराचा, १९ मे ३०३ चा. २ सोन्याचे आणि ६ चांदीचे प्याले, चांदीचे दिवे, आणि मग ८२ बायकांचे अंगरखे, ३८ ओढण्या, १६ पुरुषांचे अंगरखे, १३ जोड पुरुषांच्या व ४७ जोड बायकांच्या चपला. एवढे कपडे गरिबांना वाटायला ठेवलेले असणार. मांजरा_खोरं म्हणतात त्याला सरकारी कारकुनाच्या हातची साक्ष मिळते. प्रार्थनागृहात एकच मोठा ग्रंथ सापडला, बाकीचे वाचकांच्या घरोघरी होते. शास्त्रं हवाली करणाऱ्यांवरून पुढे आफ्रिकेत दोनातुस पंथाची फूट पडली, ती शतकभर बुजली नाही.

इजिप्तमधल्या कोप्रेसचं बायकोला लिहिलेलं पत्रही सापडलंय. जमिनीचा दावा होता आणि कोर्टात उभं राहण्याआधी बळी द्यावा लागतो असं कळलं. त्याने भावाला मुखत्यारपत्र करून दिलं. छळाच्या काळातली सामान्य माणसाची वाट अशीही होती. हुतात्म्यांच्या यादीत कोप्रेसचं नाव नाही आणि नाकारणाऱ्यांच्या यादीतही नाही.

३० एप्रिल ३११ ला सम्राट गॅलेरियसने मरणशय्येवर माघार घेतली आणि ख्रिस्ती लोकांना साम्राज्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. ३१३ ला मिलानमध्ये कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियस या सम्राटांचं ख्रिस्ती लोकांना मोकळीक द्यायचं ठरलं. पूर्वेकडचा छळ त्याच वर्षी तिथला सम्राट मॅक्सिमिन डाइया हरल्यावर थांबला.

गोदामाय (पैठण)

सगळे हिशेबावर बोलायलेत, पण ते वाक्य एवढं हलकं करू नका. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन स्वतः लिहितो की ख्रिस्ती लोक मरणाला भीत नाहीत हे पाहून, यांच्यावरचे आरोप खोटे आहेत हे मला कळलं. तोच पुढे १६५ च्या सुमारास रोममध्ये मारला गेला. २०३ ला कार्थेजला पर्पेतुआ तुरुंगात होती, बावीसेक वर्षांची, अंगावर पिणारं मूल. तिथला पुदेन्स नावाचा शिपाई त्यांच्याकडे पाहून विश्वासात आला, असं तिच्या तुरुंगवासाच्या वृत्तान्तातच आहे. संख्या कमी असेल. डिसियसच्या आधी ख्रिस्ती पंडित ओरिगनही म्हणतो की मेलेले मोजण्याइतके थोडे. पण थोडक्यांनी काय पाहिलं हेही इतिहासातच येतं.

बालाघाट (बीड)

मान्य. माझं म्हणणं एवढंच की साक्ष पाहून माणूस दारापर्यंत यायचा. आत टिकायचा तो जेवण, आजारपण, मयत यात मंडळी सोबत असायची म्हणून. अशी सांगड घातली तर वाक्य ठेवता येतं. मात्र भुयारांत लपून उपासना करायचे असं सांगू नका. रोमची कॅटाकोम्ब ही दफनभूमी, तिचा ठावठिकाणा अधिकाऱ्यांना माहीत होता. २५७ ला तिथे जमायला बंदीच घातली होती.

गोदामाय (पैठण)

आणि आपल्या भागाचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या सागरी वाटाड्यात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, दोन्ही आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. गाड्यांतून माल भडोचला जायचा, पैठणचे ऑनिक्स दगड आणि तगरचं कापड, तिथून जहाजाने रोमन बाजारात. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची एक पॉम्पेईत, ७९ च्या राखेखाली मिळाली. पौल गावोगाव फिरत होता त्याच शतकात आपल्याकडचं कापड जहाजाने रोमन बाजारात जात होतं, एवढंच म्हणा. त्यावरून मराठवाड्यात तेव्हा मंडळी होती असं ठरत नाही, तसं बोलू नका.

दुधनाकाठ (जालना)

सगळ्यांचे आभार. सुरुवात डायोजेनसच्या अर्जाने करते, प्लिनीचे तीन प्रश्न दोन मुलांकडून वाचून घेते, किर्ताचा पंचनामा फळ्यावर. तर्तुलियनचं वाक्य मधे, मूळ शब्दांत. एक शंका: २५० चा दाखला मुलांना दाखवताना त्यावर ख्रिस्ती माणसाचं नाव आहे असं म्हणू का?

बालाघाट (बीड)

नको. डायोजेनस ख्रिस्ती होता याला पुरावा नाही, ७२ वर्षांचा एक गावकरी एवढंच माहीत आहे. ‘हाच कागद ख्रिस्ती माणसापुढेही ठेवला गेला’ असं म्हणा.