मदत हवी आहे: नॉर्थ फेरिबी युनायटेडची सुरुवातीची वर्षं

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या हल शहराजवळच्या नॉर्थ फेरिबी गावाच्या फुटबॉल क्लबवर लेख लिहितोय. क्लब १९३४ सालचा, गाव जेमतेम चार हजार वस्तीचं. २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए ट्रॉफीच्या (खालच्या श्रेणीतल्या क्लबांची स्पर्धा) फायनलला समोरचा रेक्सहॅम क्लब २-० पुढे होता, तरी शेवटच्या पंधरा मिनिटांत या पठ्ठ्यांनी बरोबरी साधली, जादा वेळेत ३-३ झालं आणि पेनल्टीवर करंडक गावात आला! चारच वर्षांत थकलेल्या देण्यापायी क्लब बंद पडला, याची फार हळहळ वाटते. गावाने लगेच नवा उभारला म्हणा.

मला हवंय ते १९३४ ते १९५० मधलं: जुने फोटो, मॅचची छापील पत्रकं, वर्तमानपत्रांची कात्रणं. हल किंवा यॉर्कशरमध्ये कुणी राहतं का? तिथल्या हल हिस्टरी सेंटरमध्ये (जुन्या कागदपत्रांचं संग्रहालय) एक चक्कर मारून बघाल का?