शाळेच्या पाटीवर स्थापना 1962, पण आमचे आजोबा तिथंच शिकले, हे कसं?

भिवापूरची_मिरची:
नमस्कार मंडळी, मी राहतो नागपुरात पण गाव भिवापूर तालुक्यातलं. गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा घ्यायचं चाललंय, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोरं म्हणतात बॅनरवर वर्ष टाका. शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं "स्थापना 1962" लिहिलंय. पण आजोबा 1933 चे, ते चौथीपर्यंत ह्याच शाळेत होते, आधी मारुतीच्या देवळात बसायचे मग मालगुजारानं (गावच्या जमीनदारानं) दिलेल्या खोलीत. मास्तर टकळीवर सूत कातायला लावायचे आणि तुटलं की कान पिळायचे, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलीय. मग 1962 कुठून आलं? रेकॉर्ड कुठं शोधायचं?

जुना_बाबू:
तुमची शाळा 1962 ची नाही भाऊ, जिल्हा परिषद 1962 ची आहे. 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आधीच्या शाळा तशाच्या तशा त्यांच्याकडे आल्या. पेंटरला कोणीतरी तेच वर्ष सांगितलं असणार, मी अशा पाट्या बऱ्याच पाहिल्यात. त्याआधी आपल्याकडे 1948 पासून तहसीलवार जनपद सभा (तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्था) होत्या आणि त्याच्याही आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिल. आणखी एक, भिवापूर तेव्हा तालुका नव्हता, उमरेड तहसीलीत होतं, त्यामुळे कागद उमरेडच्या नावानं शोधा नाहीतर जन्मभर शोधत बसाल. 1956 च्या आधीच्या दाखल्यावर "मध्यप्रदेश" दिसलं तं दचकू नका, नागपूर तेव्हा त्याची राजधानी होती.

खडू_डस्टर:
शाळेत जाऊन दाखल खारीज रजिस्टर मागा, म्हणजे पोरांचं नाव घातल्याची आणि काढल्याची नोंदवही. सगळ्यात जुनं. त्यात एक नंबरची एंट्री कोणत्या तारखेची ते बघा, पण लगेच नाचू नका, कारण रजिस्टर भरलं की काही मास्तर नव्यात परत एकपासून नंबर टाकायचे. आजोबांच्या टकळीवरून मला वाटतं ती बुनियादी शिक्षणाची, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवायच्या पद्धतीची हवा असावी, वर्ध्याची परिषद 1937 ची, आपल्यापासून लांब थोडीच. कोणी म्हातारं माणूस "विद्यामंदिर" म्हणालं का विचारा, तेव्हाच्या मध्य प्रांतातले पुढारी रविशंकर शुक्ल, त्यांची ती योजना होती, जमीन दान घ्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची.

भिवापूरची_मिरची:
रजिस्टर विचारून आलो जी. 1958 च्या आधीचं वाळवीनं खाल्लं. कपाट उघडलं तं नुसती माती आणि मधे पुठ्ठा 😞

उमरेड_रोड:
अरे बाप्पा, शाळेत नाही तं लोकांच्या घरी शोध ना. जात पडताळणीसाठी एससी एसटीला 1950 च्या आधीचा, भटक्या विमुक्तांना 1961 च्या आणि ओबीसीला 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे गावातल्या निम्म्या घरांनी आजा-पणज्याचा दाखल खारीजचा उतारा कधीच काढून लॅमिनेशन करून ठेवला असेल. आमच्याकडे तं तो देवाच्या फोटोमागं आहे, लग्नाच्या पत्रिकेपेक्षा जपून. ग्रुपवर टाक, "सगळ्यात जुना उतारा कोणाकडे?", बघ कशी धावतात पोरं.

खडू_डस्टर:
+1, हे आम्हाला सुचलंच नाही. तलाठ्याकडचं निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद) पण बघा, शाळेची जागा त्यात असली तं जागेबद्दल काही धागा मिळू शकतो.

भिवापूरची_मिरची:
उमरेड_रोड भाऊ, तुमचे पाय कुठं आहेत. टाकल्या टाकल्या रात्री अकरापर्यंत सात फोटो आले. सगळ्यात जुना आमच्या शेजारच्या काकूंच्या सासऱ्यांचा, दाखल 1931, पहिला वर्ग, शेऱ्यात "गैरहजर, नाव कमी" 😂 काकू म्हणतात हे बॅनरवर नको. वर्ष कोरं ठेवून बॅनर छापायला थांबवलंय, आता 1931 च्या मागचा कोणी सापडतो का ते बघतो.