मिथेनॉल: एम २ वरच आहे, तरी सीओटू वाढवल्यावर उत्पादन का पडतं?

प्रश्न:
मिथेनॉल रिअ‍ॅक्टरचं सिम्युलेशन करतेय. कॉपर-झिंक-अ‍ॅल्युमिना कॅटॅलिस्ट, २५० डिग्री, ७० बार. पहिल्या फीडमध्ये (आत सोडलेल्या गॅसमध्ये) हायड्रोजन ६८, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २८, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) ४ टक्के, दुसऱ्यात ७३, ८ आणि १९. एम म्हणजे हायड्रोजनमधून सीओटू वजा करून सीओ अधिक सीओटूने भागायचं, तो दोन्हीकडे बरोब्बर २ येतो. मग दुसऱ्यात मिथेनॉल एवढं कमी का? गणित तर चुकलेलं दिसत नाही.

उत्तर १:
गणित बरोबरच आहे, पण एम फक्त हायड्रोजन पुरतोय का ते सांगतो, कार्बन कुठल्या रूपात आलाय ते नाही. तुझ्या १०० मोल फीडमध्ये कार्बनच ३२ वरून २७ वर आलाय, म्हणजे सगळं रिअ‍ॅक्ट झालं तरी मिथेनॉल २७ च्या वर जाणार नाही. सीओला दोन हायड्रोजन लागतात, सीओटूला तीन, आणि तो तिसरा पाण्यात जातो. त्यात सीओटूच्या मार्गाने इक्विलिब्रियम कन्व्हर्जन (जास्तीत जास्त किती गॅसचं मिथेनॉल होऊ शकतं ते) मुळात कमी, शिवाय तयार झालेलं पाणी कॅटॅलिस्टच्या साइट्स (जिथे रिअ‍ॅक्शन होते त्या जागा) अडवून बसतं आणि जास्त काळ राहिलं तर कॉपरचे कण मोठे होत जातात आणि कॅटॅलिस्ट मंदावतो. क्रूडमधलं (शुद्ध न केलेल्या मिथेनॉलमधलं) पाणी बघ, पूर्ण कन्व्हर्जन धरलं तर पहिल्यात वजनाने जेमतेम ७ टक्के, दुसऱ्यात २८.

प्रश्नकर्ती:
ओह, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग सीओटू शून्यच करू का?

उत्तर २:
अजिबात नको! सीओटू पूर्ण काढलास तर या कॅटॅलिस्टवर वेग एकदम पडतो. रेडिओअ‍ॅक्टिव्ह कार्बन वापरून केलेल्या प्रयोगांत दिसलंय की मिथेनॉलमधला कार्बन मुख्यतः सीओटूतूनच येतो, सीओ पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन पाणी कमी करतो आणि सीओटू परत बनवून देतो. म्हणून दोन्ही हवेत, थोडा सीओटू आणि भरपूर सीओ, मला स्वतःला ही केमिस्ट्री फार सुंदर वाटते.

उत्तर ३:
सिम्युलेशनमध्ये रिसायकल (उरलेला गॅस परत आत फिरवणारा लूप) असेल तर मिथेन आणि नायट्रोजन विसरू नकोस. फीडमध्ये टक्काभर असले तरी रिअ‍ॅक्ट होत नाहीत, लूपमध्ये साठत जातात आणि सीओ-हायड्रोजनचा पार्शल प्रेशर (एकूण दाबातला वाटा) खातात. पर्ज (लूपमधून बाहेर सोडायचा गॅस) वाढवलास की चांगला गॅसही बाहेर जातो, त्यामुळे पर्ज रेट बदलत चार-पाच रन मार आणि प्रत्येक वेळी रिअ‍ॅक्टरच्या तोंडाशी एम किती आहे ते बघ, मेकअप गॅसमधला (बाहेरून येणाऱ्या ताज्या गॅसमधला) नाही, कारण लूपमध्ये दोन्ही खूप वेगळे असतात.